एकास चोवीस



गेल्या वर्षीच्या श्रावणातील गोष्ट. बार्शीच्या आमच्या वडिलोपार्जित घरी एका दुपारी दुकानातून फोन आला. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात लहानमोठे सारेच ‘दादा’ म्हणतात, ते मागच्या पडवीत टेबलाशी बसले होते. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, हातात चिमटा आणि चिमट्यात तांदळाच्या दाण्याएवढा प्लॅस्टिकचा आरसा. वहिनींनी फोन पुढे केला. दादांनी मान वर न करता सांगितले, “त्याला म्हणावे, मी कामात आहे.”

मार्केट यार्डातील अडतीच्या गादीवर दादांनी पन्नास वर्षे काढली. जेवणाच्या ताटावरून उठून दुकानाचा फोन घेणारा हा माणूस. त्यांच्या तोंडी हे वाक्य ऐकून वहिनी फोन हातात धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

त्या वाक्यापर्यंत दादा कसे पोहोचले, ते आज सांगायचे आहे. विषय तसा पोरखेळाचा वाटेल: मोटारगाड्यांच्या लहान प्रतिकृती सुट्या भागांतून जुळवणे. परंतु आपल्यापैकी ज्या घरांत एक पिढी गादीवरून उठण्याच्या बेतात आहे आणि दुसरी तिच्यावर बसण्याच्या, त्या घरांसाठी हा विषय तितकासा पोरखेळाचा नाही.

मला हा छंद लागला तो सेवानिवृत्तीनंतर. बँकेतील नोकरी संपली, निरोपाचा नारळ मिळाला, आणि महिन्याभरातच मी घरातील किराण्याच्या यादीचे लेखापरीक्षण करू लागलो. आमच्या सौ.नी ते काही दिवस सोसले. मग परदेशी असलेल्या कन्येला त्यांनी काय सांगितले कोण जाणे, पण माझ्या वाढदिवसाला तिच्याकडून एक खोके आले. आत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चार-पाच जाळ्या, त्यांना लगडलेले शंभराच्या आसपास सुटे भाग, रबराचे चार टायर, आणि चित्रांनी भरलेली एक पुस्तिका. पहिली गाडी मी पार बिघडवली. दुसरी ओळखू येण्याइतपत झाली. आज कपाटात अकरा गाड्या आहेत, आणि किराण्याची यादी सौ.च्या ताब्यात सुखरूप आहे.

दादांची अडचण माझ्याहून अवघड होती. मी निवृत्त झालो, तेव्हा बँकेने माझी खुर्ची काढून घेतली. दादांची गादी त्यांच्या स्वतःच्या घरची. ती कोण काढून घेणार? कागदोपत्री त्यांनी सारा कारभार मुलाकडे सोपवला होता. पण सकाळी नऊला ते दुकानात हजर असत. पुतण्याने एखाद्या शेतकऱ्याला उचल दिली की दादा म्हणत, “जास्त दिलीस.” नाही दिली की म्हणत, “माणूस तुटेल.” त्यात पुतण्याने एक नवी गोष्ट काढली. नुसत्या अडतीवर पुढची वीस वर्षे निघणार नाहीत. आपणच तूरडाळ स्वच्छ करून, प्रतवारी लावून, आपल्या नावाच्या पिशव्यांत भरून विकावी, असा त्याचा विचार. त्यासाठी यंत्रे घ्यायची आणि कर्ज काढायचे. दादा एवढेच म्हणाले, “आपण दलाली करणारे. पिशव्या विकणारे नव्हे.” त्यानंतर बापलेकांत बोलणे फक्त भावापुरते उरले. जेवताना वाढणारी माणसेच काय ती बोलत.

पुतण्याने मला एकट्याला गाठून विचारले, “काका, तुम्ही बँकेत होतात. तुम्ही बाबांना सांगा ना.” मी आकडेमोड पाहिली. ती चुकीची नव्हती. पण कर्जाची रक्कम पहिल्याच उडीसाठी मोठी होती. शिवाय दादांना आकडे पटवून देण्याचे धाडस मी उभ्या आयुष्यात केलेले नाही. मी दोन्ही बाजूंनी गप्प राहिलो. अधिकारी म्हणून अनेक प्रकरणे ‘विचाराधीन’ ठेवण्याची सवय मला होतीच.

आषाढात दादांना ताप आला. डॉक्टरांनी तीन आठवडे घरी बसायला सांगितले. चौथ्या दिवशी ते इतके चिडचिडे झाले, की मी माझ्याकडचा एक न उघडलेला संच त्यांच्यासमोर ठेवला. गाडी होती फोक्सवॅगन बीटल, प्रमाण एकास चोवीस.

दादांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता. “तयार झाल्यावर किती येतात हिचे?”

“विकायची नसते, दादा.”

“मग करायची कशाला?”

याचे सरळ उत्तर माझ्याजवळ नव्हते. म्हणून मी त्यांना या छंदाचा इतिहास सांगितला, आणि तिथे माझी गाठ त्यांच्या व्यवसायाशी पडली.

हा छंद व्यापाऱ्याच्या नमुन्यातून जन्माला आला आहे. इंग्लंडमधील एअरफिक्स या कंपनीने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची एक लहान प्रतिकृती केली. ती खेळणे म्हणून नव्हे, तर ट्रॅक्टर विकायला गावोगाव फिरणाऱ्या प्रतिनिधींसाठी. प्रत्यक्ष ट्रॅक्टर पिशवीत घालून नेता येत नाही. त्याचा नमुना नेता येतो. पुढे तीच प्रतिकृती सुट्या भागांत, ज्याची त्याने जुळवावी अशी विकली गेली. अमेरिकेत एएमटी नावाच्या कंपनीनेही १९४८ पासून मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांचे लहान नमुने बनवले. गिऱ्हाईक घरी जाताना त्याच्या मुलाच्या हातात गाडीचा नमुना असे. हेच नमुने ज्याने त्याने घरी जुळवावेत असे संच कंपनीने १९५८ मध्ये काढले आणि अमेरिकेतील हजारो मुले गॅरेजच्या कोपऱ्यात गाड्या जुळवू लागली.

“म्हणजे नमुना,” दादा म्हणाले. धान्याच्या व्यापाऱ्याला नमुना समजावून सांगावा लागत नाही. पोत्यात परखी खुपसून काढलेले मूठभर धान्य तळहातावर पसरले, की त्यावर शेकडो पोत्यांचा भाव ठरतो. नमुन्याची अट एकच: तो मालाशी प्रामाणिक हवा. वरचे चांगले दाणे दाखवून खालचा माल खपवणारा व्यापारी यार्डात दुसऱ्या हंगामाला दिसत नाही. दादांनी ते खोके जवळ ओढले.

येथे वाचकांना थोडे गणित सांगणे भाग आहे, कारण या छंदाचे मर्म त्यातच आहे. एकास चोवीस म्हणजे खऱ्या गाडीवरील चोवीस सेंटिमीटर प्रतिकृतीवर एक सेंटिमीटर होतात. फुटास अर्धा इंच हे जुने इंग्रजी माप म्हणजेच हे प्रमाण. साठच्या दशकातील बीटल सुमारे चार मीटर सात सेंटिमीटर लांबीची. म्हणून तिची प्रतिकृती सतरा सेंटिमीटरची भरते. इथपर्यंत सोपे आहे. आता हेच उलट करून पाहा. प्रतिकृतीच्या दारापाशी अवघ्या एका मिलिमीटरची फट राहिली, तर ती खऱ्या गाडीवर चोवीस मिलिमीटरची फट झाली. अशा दारातून बोट आत जाईल. रंगाचा थर मिलिमीटरचा केवळ दहावा भाग इतका जाड बसला, तर प्रमाणाने तो जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीचा लेप होतो, आणि गाडी रंगवल्यासारखी न दिसता गिलावा केल्यासारखी दिसते. लहान वस्तूत चूक लहान होत नाही. ती चोवीसपट होते. बँकेत एका पैशाच्या फरकासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत ताळेबंद तपासत असू, त्याची मला दर वेळी आठवण होते.

दादांनी हे गणित माझ्याहून जलद केले. मग म्हणाले, “आपली फियाट मिळेल का यात?”

आमच्या घरी एक फियाट होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील. दादांनी ती दुसऱ्या हाताने घेतली होती, फिकट आकाशी रंगाची. पुतण्याला दवाखान्यातून घरी आणले ते त्याच गाडीतून. तिचा असा संच माझ्या पाहण्यात आलेला नाही, हे मी सांगितले. दादा थोडा वेळ खोक्यावरचे चित्र पाहत राहिले. “मग हिलाच तो रंग देऊ.”

काम सुरू झाले. कृतीचा क्रम सांगतो, म्हणजे कोणाला इच्छा झाल्यास उपयोग होईल. जाळीपासून भाग कधीही हाताने मुरगळून तोडू नये. सपाट तोंडाच्या लहान कटरने, भागापासून किंचित अंतर ठेवून कापावा, आणि उरलेला खुंट धारदार पात्याने व बारीक कानशीने साफ करावा. साच्याचे दोन अर्ध जिथे मिळतात, तिथे प्रत्येक भागावर केसासारखी एक उभी रेघ राहते. खऱ्या गाडीवर अशी रेघ नसते; ती वॉटर पेपरने घालवावी लागते. जोडण्यासाठी वापरतात तो द्रव वस्तुतः गोंद नसतो. तो प्लॅस्टिकची कड विरघळवतो. दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की एकजीव होतात. म्हणून तो थेंबभरच लावायचा. जास्त झाला, तर नको तिथला भागही विरघळतो. काचांजवळ झटपट चिकटणारा गोंद मुळीच वापरू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरे धुके चढते. माझ्या पहिल्या गाडीची काच याच कारणाने कायमची आंधळी झाली.

जोड भरायला लांबी, मग घासणी, मग करड्या प्रायमरचा हात. दादांना सर्वांत आवडला तो प्रायमर. पांढऱ्या प्लॅस्टिकवर न दिसणारा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खळगा त्या करड्या थरावर उघडा पडतो. “हा तर तुमच्या ऑडिटरसारखा,” ते मला म्हणाले. मी मान्य केले. फरक इतकाच की प्रायमर चहा मागत नाही.

रंगाच्या वेळी मात्र आषाढ आडवा आला. हवेत ओल असताना लॅकरचा रंग फवारला, की त्यातील द्रव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग एकदम थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर धरते आणि रंगावर दुधासारखी साय येते. आमच्या आकाशी बीटलवर तशीच साय आली. दादांना वाटले, संपले. मी म्हणालो, नाही. ऊन पडेपर्यंत थांबायचे, दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून हलके घासायचे आणि पुन्हा पातळ हात द्यायचा.

“खोडता येते?” त्यांनी विचारले.

हा प्रश्न साधा नव्हता. आपल्या चोपडीत खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद झाली, तर ती तशीच ठेवून तिची उलट नोंद करायची, हा आपल्या वाडवडिलांचा शिरस्ता, आणि बँकेचाही नियम. पन्नास वर्षे दादांच्या हातून जे लिहिले गेले, ते लिहिलेलेच राहिले. घासून पुन्हा करता येते असे काम त्यांनी आयुष्यात प्रथमच हाती घेतले होते. आठ दिवसांनी ऊन पडले. दुसरा हात नितळ बसला. त्या दिवशी दादा दोनदा जेवणाची वेळ विसरले.

साहित्याविषयी आपल्या वाचकांना दोन गोष्टी आवर्जून सांगायला हव्यात. उत्तम समजले जाणारे बारीक कुंचले पुष्कळदा प्राण्यांच्या केसांचे असतात. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे कुंचले विकले जात; त्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, तरी डोळे उघडे ठेवूनच खरेदी करावी. नायलॉनचे कुंचले आज इतके चांगले मिळतात, की दुसऱ्याची गरजच उरत नाही. दुसरी गोष्ट काचांभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांची. तिथे रंगापेक्षा धातूचा पातळ पत्रा खरा दिसतो. दादांना सहज सुचले, “वर्ख लावू या का?” वहिनी आतूनच म्हणाल्या, “वर्ख कशात घालून कुटतात ते विसरलात वाटते?” पारंपरिक वर्ख जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटला जातो, म्हणूनच तो आमच्या घरच्या मिठाईवरूनही गेला आहे. आम्ही मागे चिकट थर असलेली ॲल्युमिनियमची पातळ पट्टी वापरली. काम तितकेच सुरेख झाले.

रंगानंतरचे दिवस वाट पाहण्याचे असतात. वरून कोरडा वाटणारा रंग आतून कच्चा असतो. त्याची परीक्षा नाकाने करावी: रंगाचा वास येत आहे तोवर तो सुकलेला नाही. या रिकाम्या दिवसांत मी दादांना जपानमधील एका व्यापारी घराण्याची हकीकत सांगितली.

शिझुओका शहरात योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकडाची वखार काढली. पुढे ते लाकडी प्रतिकृतींचे संच बनवू लागले. त्यांचे चिरंजीव शुनसाकु १९५८ मध्ये घरच्या धंद्यात आले, तेव्हा परदेशातून प्लॅस्टिकचे संच येऊ लागले होते आणि लाकडाचे गिऱ्हाईक आटत चालले होते. लाकूड हे त्या घराचे भांडवल, ज्ञान आणि ओळख. तरीही त्यांनी प्लॅस्टिककडे वळायचे ठरवले. साचे महाग, अनुभव शून्य. १९६० साली ‘यामातो’ या युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिक संच त्यांनी काढला, आणि प्रतिस्पर्ध्याने त्याच नौकेचा संच कमी किमतीत बाजारात आणला. भाव उतरवावा लागला. पहिल्याच मालात खोट आली. पुढे त्यांनी एका रणगाड्याचा संच काढला. तो चालला, आणि धंदा तगला. युद्धाचे विषय आपल्याला रुचणारे नाहीत. पण येथे मुद्दा व्यापाराचा आहे. हीच कंपनी पुढे इतकी काटेकोर झाली, की पोर्शे गाडीची प्रतिकृती नेमकी व्हावी म्हणून तिने खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करून पाहिली. एकास बारा प्रमाणातील ती प्रतिकृती १९७६ साली बाजारात आली. आज जगभर हा छंद करणारे तामियाचे नाव आदराने घेतात.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, “पहिल्या मालात खोट आली, तरी बापाने दुसरा करू दिला?”

“करू दिला.”

“लाकडी संचांचा धंदा असताना?”

“हो.”

ते उठून गाडीकडे गेले. रंग सुकला का ते पाहायला त्यांनी छपरावर बोट ठेवले. मी ‘थांबा’ म्हणेपर्यंत उशीर झाला होता. आकाशी छपरावर त्यांच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचा ठसा स्वच्छ उमटला.

मी लगेच वॉटर पेपर काढला. दादांनी हात आडवा धरला. “राहू दे. साय पावसाने आणली होती, ती खोडली. हे बोट माझे आहे. नोंद राहू दे.”

त्या रात्री जेवताना त्यांनी पुतण्याकडे न पाहता विचारले, “तुझे ते डाळीचे यंत्र जागा किती खाते?” पुतण्याच्या हातातील घास हातातच राहिला. त्याने जागा सांगितली, विजेचा भार सांगितला, किंमत सांगताना आवाज खाली आणला. दादा म्हणाले, “एवढे कर्ज नको. डाळ दुसऱ्याच्या गिरणीतून भाड्याने स्वच्छ करून घे. आठवड्याला पाच क्विंटल. आधी नमुना करू.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “एकास चोवीस.”

वाचकहो, जो सल्ला बँकेच्या अधिकाऱ्याने दोन महिन्यांपूर्वी द्यायला हवा होता, तो एका अडत्याने दिला. मी आकडे पाहूनही गप्प बसलो होतो. घरात कटुता नको म्हणून गप्प राहिलो, असे मी स्वतःला समजावत असे. खरे पाहता मला दोघांपैकी कोणाचाही रोष नको होता. वरिष्ठ माणसाच्या मौनाने घरातील तंटा मिटत नाही, त्यावर व्याज चढत राहते. एवढी कबुली या सदरात देऊन ठेवतो.

गाडीचे उरलेले काम मग निवांत झाले. बीटलचे इंजिन मागे असते आणि ते हवेने थंड होते. पुढच्या झाकणाखाली सामान ठेवायची जागा. चार सिलिंडरच्या त्या इंजिनात ठिणगी पोहोचवणाऱ्या चार वायरी, आणि कॉईलपासून येणारी पाचवी. संचात त्या नव्हत्या. खरी वायर सुमारे सात मिलिमीटर जाड. चोवीसने भागले तर पाऊण मिलिमीटरही नाही, जेमतेम तीन दशांश मिलिमीटर. जुन्या विजेच्या वायरीतील तांब्याची एक तार काढून, तिला काळा रंग देऊन दादांनी त्या पाचही वायरी बसवल्या. सीटचे पट्टे मास्किंग टेपचे, दोन मिलिमीटर रुंद. जमिनीवरचा गालिचा शाळेच्या दुकानात मिळणाऱ्या मखमली कागदाचा. दारांच्या रेषांत पातळ केलेला करडा रंग कुंचल्याच्या टोकाने टेकवला, की तो आपोआप रेषेतून धावतो आणि दार खरोखर उघडेल असे वाटू लागते. तिथे काळा रंग घालू नये; फिकट गाडीवर तो शाईने आखल्यासारखा दिसतो.

इंजिनाचे झाकण बंद केल्यावर त्या वायरी कोणालाही दिसणार नाहीत, हे मी दादांना सांगितले होते. त्यांनी उत्तर दिले, “पोत्याच्या तळाचे धान्यही कोणाला दिसत नाही.” शेवटी त्यांनी काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत, जुन्या काळी असे तशी, आमच्या फियाटच्या क्रमांकाची पाटी करून लावली. तो क्रमांक त्यांना कोणाला विचारावा लागला नाही.

तूरडाळीचे काय झाले, असे वाचक विचारतील. दिवाळीपूर्वी पहिल्या दीडशे पिशव्या भरल्या. त्यांतील तीसेक पिशव्यांचे तोंड नीट बंद झाले नव्हते. दोन दुकानदारांनी माल परत पाठवला. पुतण्या खाली मान घालून घरी आला. दादांनी परत आलेली एक पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि एकच शब्द उच्चारला, “यामातो.” पुतण्याला काही कळले नाही. मी त्याला नंतर समजावून सांगितले. आता पिशव्या नीट बंद होतात. नफा मात्र अजून सांगण्याजोगा नाही. यंत्राचे कर्ज घ्यायचे की नाही, ते पुढच्या हंगामात ठरेल. ते ठरवताना मी गप्प बसणार नाही, हेही आमच्या सौ.ना सांगून ठेवले आहे.

ज्यांना हा छंद करून पाहावासा वाटेल, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. पहिला संच एकास चोवीसचा, कमी भागांचा घ्यावा. महागाचा मोह टाळावा. फवारणीचे यंत्र आरंभी नको, रंगाचा स्प्रेचा डबा पुरतो. रंग आणि जोडद्रव यांचे काम खिडकी उघडी ठेवून, तोंडावर मास्क बांधून करावे. देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून लांब. पाती आणि द्रव नातवंडांच्या हाती लागू देऊ नयेत. मात्र कानस आणि वॉटर पेपर त्यांच्या हाती जरूर द्यावेत. प्रकाश डाव्या खांद्यावरून यावा, डावखुऱ्यांनी उलट. एका बैठकीला एक तास पुरे; हात थरथरू लागला की थांबावे. खाली पडलेला भाग शोधायला पांढरी चादर अंथरून बसावे, म्हणजे निम्मा शोध वाचतो. आणि तयार गाडीची किंमत कोणी विचारली, तर उत्तर देऊ नये.

दादा आता आठवड्यातून तीन दिवस दुकानात जातात. गादीवर पुतण्या बसतो. दादा समोरच्या खुर्चीवर, जिथे शेतकरी बसतात तिथे. गल्ल्याच्या काचेमागे ती आकाशी बीटल उभी आहे. मध्यंतरी एका आडत्याने ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, “सुरेख आहे, पण छपरावर कोणाचे तरी बोट लागले आहे.”

दादा म्हणाले, “माझे आहे.” आणि त्यांनी पुढच्या खोक्याचे कापलेले भाग असलेली डबी खिशातून काढून त्याला दाखवायला सुरुवात केली.